विश्लेषण : अंधारात रानडुक्कर दिसते, पण ओळखू येते का? जर्मनीत रायफलच्या दुर्बिणीची निवड कळीची का ठरते आहे?

जर्मनीतील नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्यात जून २०२५ मध्ये मृत रानडुकरांच्या शरीरात आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू आढळला. सप्टेंबर २०२० मध्ये पोलंडच्या सीमेवरून ब्रँडेनबर्गमध्ये शिरलेली ही साथ २०२४ मध्ये फ्रँकफर्टजवळच्या हेसेन राज्यात आणि त्यानंतरच्या वर्षी थेट पश्चिमेला पोहोचली. रानडुकरांची संख्या आटोक्यात ठेवणे हा साथ रोखण्याच्या उपायांपैकी एक आहे. मात्र मध्य युरोपातील रानडुक्कर दिवसा झाडीत पडून राहते आणि अंधार पडल्यावर शेतात उतरते. त्यामुळे त्याच्या मागावर असलेल्या शिकाऱ्याचे खरे काम तिन्हीसांजेनंतर सुरू होते. अशा वेळी रायफलवर कोणती दुर्बीण असावी, हा प्रश्न वरवर छंदिष्टांचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात पशुपालन, कायदा, मानवी डोळ्याची मर्यादा आणि एखाद्याचा जीव एवढे सगळे गुंतले आहे.

डुकरांच्या साथीचा बंदुकीशी संबंध काय?

आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर यांच्यासाठी मात्र तो बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो आणि त्यावर उपचार नाही. २००७ मध्ये जॉर्जियात शिरलेला हा विषाणू २०१४ मध्ये युरोपीय महासंघाच्या पूर्वेकडील देशांत पोहोचला. जर्मनीत पहिले बाधित रानडुक्कर सापडले तेव्हा एकाही पाळीव डुकराला लागण झालेली नव्हती. तरीही चीनने काही दिवसांतच जर्मन डुकराचे मांस घेणे थांबवले. जंगलातल्या एका मृत जनावरामुळे मोठी बाजारपेठ हातची गेली.

रानडुकरांची शिकार जर्मनीत नवी नाही. २०१९-२० या हंगामात तेथे ८ लाख ८० हजारांहून अधिक रानडुकरे मारली गेली. तो विक्रम होता. मक्याची वाढती लागवड आणि सौम्य हिवाळे यांमुळे रानडुकरांची पैदास वाढली, असे तेथील वन्यजीव अभ्यासक सांगतात. चार लाखांहून अधिक परवानाधारक शिकाऱ्यांच्या या देशात सरकारने शिकाऱ्यांना साथ नियंत्रणातील भागीदार मानले आहे.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. साथ सापडली की लगेच गोळीबार सुरू होतो, असे नाही. उलट पहिल्या टप्प्यात बाधित भागात शिकार थांबवली जाते, कारण बिथरलेला कळप पळाला तर विषाणूही त्याच्याबरोबर पळतो. कुंपण घालणे, कुत्रे आणि ड्रोनच्या साह्याने मृत जनावरे शोधून हलवणे हे आधी होते. कुंपण पक्के झाल्यावर आतल्या जनावरांचा शांतपणे, निवडून आणि बहुधा रात्री नायनाट केला जातो. चेक प्रजासत्ताकाने २०१७ मध्ये झ्लीन परिसरात यासाठी पोलिसांचे नेमबाज उतरवले होते. तो देश आणि बेल्जियम या दोघांनीही तेव्हा साथ संपवून दाखवली. म्हणजे रात्री अचूक नेम धरण्याची क्षमता हा साथ नियंत्रणाचा भाग आहे, पण एकमेव नाही.

कायदा रात्रीच्या शिकारीला परवानगी देतो का?

जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यात रात्रीची व्याख्या घड्याळात केलेली आहे. सूर्यास्तानंतर दीड तासाने रात्र सुरू होते आणि सूर्योदयाच्या दीड तास आधी संपते. या काळात हरणांसारख्या खूर असलेल्या मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर त्याला अपवाद आहे. मात्र त्यासाठीही कृत्रिम प्रकाशझोत किंवा रायफलवर बसवायची इलेक्ट्रॉनिक रात्रदृष्टी उपकरणे वापरायला या कायद्याने मनाई होती. शिकाऱ्याने चंद्रप्रकाशात, बर्फ पडल्यावर मिळणाऱ्या परावर्तित उजेडात आणि काचेच्या साध्या दुर्बिणीच्या भरवशावर काम भागवायचे, ही परंपरा होती. तेथील शिकाऱ्यांच्या दिनदर्शिकेत चंद्राच्या कला छापलेल्या असतात, त्या याचसाठी.

साथ दारात येऊन ठेपल्यावर ही चौकट सैल झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानाधारक शिकाऱ्यांना साध्या दुर्बिणीच्या पुढे किंवा मागे जोडायची रात्रदृष्टी उपकरणे बाळगण्याची मुभा मिळाली. नेमाची खूण अंगभूत असलेल्या संपूर्ण रात्रदृष्टी दुर्बिणींवरील बंदी या दुरुस्तीने उठवली नाही. शिवाय उपकरण बाळगता येते म्हणजे ते शिकारीत वापरता येतेच असे नाही. तो निर्णय राज्यांच्या शिकार नियमांवर अवलंबून आहे आणि राज्याराज्यांत फरक आहे. परिणामी, जर्मन शिकाऱ्याला आजही आधी काचेची चांगली दुर्बीण निवडावी लागते आणि त्यानंतर तिच्यापुढे काय जोडायचे याचा विचार करावा लागतो.

८×५६ हा आकडा आला कुठून?

युरोपातील शिकारी मचाणांवर अनेक दशके एकच आकडा राज्य करत आला आहे : ८×५६. पहिला आकडा दृश्य किती पट मोठे दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५६ला ८ने भागले की ७ उरतात. दुर्बिणीच्या मागच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखली तर डोळ्याकडच्या काचेत एक उजळ गोल चकती दिसते. तीच ही चकती.

सात मिलिमीटरच का? तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली गडद अंधारात साधारण तेवढीच उघडते. दुर्बिणीतून येणारा झोत बाहुलीपेक्षा लहान असेल तर दृश्य अंधूक होते. मोठा असेल तर जादा प्रकाश बाहुलीच्या कडेला आपटून वाया जातो. सातला सात जुळले की पुरेपूर उपयोग. हिशेब सुबक आहे आणि विसाव्या शतकातल्या शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो पाठ केला.

अडचण अशी की, वय वाढते तशी बाहुली आक्रसते. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांची बाहुली अंधारातही पाच मिलिमीटरच्या आसपासच उघडते. व्यक्तीनुसार फरक पडतो, पण दिशा तीच. आता गणित पुन्हा करून पाहू. बाहुली पाच मिलिमीटर आणि दुर्बीण आठ पटींची असेल, तर डोळा पुढच्या भिंगाचा फक्त मधला ४० मिलिमीटरचा भाग वापरतो. उरलेल्या कडेच्या काचेतून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. म्हणजे साठीच्या शिकाऱ्याने महागडी, जड ८×५६ घेतली तरी त्याच्यासाठी ती प्रत्यक्षात ८×४० असते. त्याच भिंगावर ११ पट मोठे दिसणारी दुर्बीण घेतली तर झोत पाच मिलिमीटरचा होतो, भिंग पूर्ण वापरले जाते आणि जनावर मोठे दिसते. वयस्क शिकाऱ्याने जास्त पटींकडे झुकावे, हा सल्ला उलटा वाटतो, पण हिशेब तोच सांगतो. मोठ्या झोताचा एक फायदा मात्र वयावर अवलंबून नाही. डोळा किंचित इकडेतिकडे झाला तरी दृश्य काळे होत नाही. थंडीत, अवघडून बसलेल्या अवस्थेत, हृदयाचे ठोके वाढलेले असताना त्याला किंमत आहे.

दुर्बीण प्रकाश ‘वाढवते’ का?

नाही. जाहिराती काहीही सांगोत, केवळ काचांची दुर्बीण झाडीला किंवा शेताला ते उघड्या डोळ्यांना जितके उजळ दिसते त्यापेक्षा अधिक उजळ करू शकत नाही. तो भौतिकशास्त्राचा नियम आहे. पुढचे भिंग जास्त प्रकाश गोळा करते हे खरे, पण तोच प्रकाश मोठ्या केलेल्या प्रतिमेवर पसरतो. जमाखर्च जास्तीत जास्त बरोबरीत सुटतो, आणि काचेत थोडा प्रकाश हरवत असल्याने किंचित तोट्यातच जातो.

मग संधिप्रकाशात दुर्बिणीतून जास्त दिसते, हा सर्वांचा अनुभव खोटा का? तोही खोटा नाही. मंद उजेडात डोळ्याच्या पडद्यावरील एकेक पेशी फारसे सांगू शकत नाही. प्रतिमा मोठी झाली की तीच कड, तोच कान, तीच पाठ अधिक पेशींवर उमटते आणि मेंदूला आकार जुळवता येतो. वाढतो तो तपशील, उजेड नव्हे. हा फरक ध्यानात घेतला की बाजारातले अर्धे दावे आपोआप गळून पडतात. ‘३० ऐवजी ३४ मिलिमीटरची नळी, म्हणून जास्त प्रकाश’ हा त्यातलाच एक. नळीचा व्यास नेम वर-खाली करण्याच्या मर्यादेवर आणि मजबुतीवर परिणाम करतो. उजेड भिंग आणि पट ठरवतात.

‘ट्वायलाइट फॅक्टर’वर किती विश्वास ठेवावा?

दुर्बिणीच्या माहितीपत्रकात संधिप्रकाशाचा एक अंक छापलेला असतो. पट आणि भिंगाचा व्यास यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की तो मिळतो. ८×५६साठी ४४८चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २१.२. १२×५६साठी २५.९. अंक मोठा तितका तपशील जास्त, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या सूत्राची परीक्षा सोपी आहे. आकडे उलटे करून ५६ पटींची आणि ८ मिलिमीटर भिंगाची काल्पनिक दुर्बीण घेतली तरी अंक २१.२च येतो. तिच्यातून बाहेर पडणारा झोत मात्र ०.१४ मिलिमीटरचा असेल, म्हणजे अंधारात तिच्यातून काहीही दिसणार नाही. शिवाय या सूत्राला काचेचा दर्जा ठाऊकच नाही. सुमार आणि उत्तम काचेला तो सारखेच गुण देतो. दोन चांगल्या दुर्बिणींची तुलना करताना तो थोडाफार उपयोगी आहे. खरेदीचा एकमेव निकष म्हणून निरुपयोगी.

मग दोन हजार युरो कशाचे मोजायचे?

झाइस, स्वारोव्हस्की, लाइका, श्मिट अँड बेंडर या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतील दुर्बिणी दोन हजार युरोंच्या पुढे जातात. त्याच आकड्यांची दुर्बीण दहाव्या हिश्शाच्या किमतीतही मिळते. फरक कुठे आहे?

पहिला, काचेवरच्या लेपात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन हरवतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर लेपाविना जेमतेम ६६ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. चांगल्या लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरचे नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणले तर ९५ टक्के पोहोचतो. झाइसमधील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये या लेपाचे तंत्र शोधले आणि आजच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या भिंगावर त्याचेच वंशज आहेत. हरवलेला प्रकाश नुसता हरवतही नाही. तो नळीत इकडेतिकडे आपटून दृश्यावर धुरकट पडदा आणतो. समोर चंद्र किंवा मावळतीचे आकाश असताना स्वस्त दुर्बीण सर्वात आधी येथे हार मानते. काळ्या जमिनीवरचे काळे डुक्कर त्या धुरकटपणात विरघळते. मात्र ९० टक्के आणि ९३ टक्के यांतला फरक डोळ्याला जाणवणे कठीण आहे. त्या तीन टक्क्यांसाठी दुप्पट पैसे मोजणारे ग्राहक प्रत्यक्षात दर्जापेक्षा नावाला मोजत असतात.

दुसरा फरक रंगाचा. उजेडात डोळ्याच्या शंकूपेशी काम करतात आणि त्या ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. अंधारात कारभार दंडपेशींकडे जातो आणि त्यांचा कल ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, निळसर हिरव्याकडे असतो. त्यामुळे दिवसा झकास दिसणारी दुर्बीण संध्याकाळी फिकी पडू शकते. दुकानातील ट्यूबलाइटखाली दुर्बीण पारखणे म्हणूनच फसवे. अंधार पडताना बाहेर नेऊन, शेजारी दुसरी दुर्बीण ठेवून पाहणे हाच भरवशाचा मार्ग.

तिसरा फरक नेमाच्या खुणेचा, आणि प्रत्यक्ष वापरात बहुधा हाच निर्णायक ठरतो. केसासारखी बारीक फुली दिवसा सुरेख दिसते, अंधारात ती गायब होते. दृश्य दिसते, नेम कुठे आहे ते दिसत नाही. जर्मन परंपरेत तिन्ही बाजूंनी जाड पट्ट्या आणि मध्ये बारीक फुली असलेली खूण रूढ झाली ती यामुळेच. आता मध्यभागी विजेवर चालणारा बारीक लाल ठिपका असतो. दंडपेशींना लाल रंग जवळपास दिसत नसल्याने अंधाराला सरावलेला डोळा त्याने फारसा बिघडत नाही. पण हा ठिपका अगदी मंद करता यायला हवा. स्वस्त दुर्बिणीत सर्वात कमी पातळीवरही तो इतका भगभगतो की मागचे जनावर झाकून टाकतो.

आणि या सगळ्यावर पाणी फिरवायला एक गोष्ट पुरते. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो. मचाणावर बसून मोबाइलवर आलेला संदेश पाहिला की तो अर्धा तास पुन्हा शून्यापासून सुरू. दोन हजार युरोंच्या काचेलाही यावर उपाय नाही.

थर्मल आले, मग काचेचे काम संपले का?

थर्मल उपकरण प्रकाश पाहतच नाही. ते शरीरातून निघणारी उष्णता, म्हणजे ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातील अवरक्त किरणे टिपते. अमावस्येच्या रात्रीही रानडुक्कर पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखे उजळते. साधी काच या किरणांना अडवते, म्हणून त्याचे भिंग जर्मेनियम धातूचे असते. महागाचे एक कारण तेही.

हे उपकरण दुर्बिणीपुढे जोडले की आधीचे सगळे गणित फिरते. आता दुर्बीण शेताकडे पाहत नसते, तर उपकरणातल्या चिमुकल्या उजळ पडद्याकडे पाहत असते. तिला ५६ मिलिमीटरच्या भिंगाची गरज उरत नाही. शिवाय पट वाढवले की पडद्यावरचे चौकोनी ठिपकेच मोठे दिसू लागतात. त्यामुळे दोन ते पाच-सहा पटींत काम करणारी, खालून सुरू होणारी झूम दुर्बीण येथे सोयीची ठरते. कायम आठ पटींवर अडकलेली ८×५६ या जोडीत बसत नाही. म्हणजे आजोबांची उत्तम दुर्बीण संधिप्रकाशासाठी अजूनही उत्तम, पण थर्मलची जोडीदार म्हणून अडचणीची. ज्या राज्यात अशी जोडणी चालते तेथील शिकारी झूमकडे वळतो, जेथे चालत नाही तेथील मोठ्या भिंगाला चिकटून राहतो. दुर्बिणीची निवड अशी भूगोलावर येऊन थांबते.

थर्मलचा खरा प्रश्न वेगळाच आहे. माहितीपत्रकातील ‘पल्ला’ हा शब्द काय सांगतो? अमेरिकी लष्करासाठी जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेले निकष आजही वापरले जातात. पडद्यावर काहीतरी आहे एवढे कळायला लक्ष्यावर सुमारे दोन पिक्सेल पुरतात. ते नेमके काय आहे हे ओळखायला सुमारे तेरा लागतात. १२ मायक्रोमीटरचे पिक्सेल आणि ३५ मिलिमीटरचे भिंग ही आजची सर्वसाधारण जोडी घेतली तर १०० मीटरवर एक पिक्सेल साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यापतो. पाऊण मीटर उंचीचे रानडुक्कर तेथे २२ पिक्सेलचे दिसते. ठीक आहे. ३०० मीटरवर ते सात पिक्सेलचे होते. हिशेब पुढे नेला तर हेच उपकरण एक किलोमीटरवरच्या डुकराची चाहूल देऊ शकते, पण ओळख पटवू शकते ती १७० मीटरच्या आतच. तेही धुके, पाऊस, गवत काही मध्ये नसताना. जाहिरातीत छापला जातो तो पहिला आकडा.

गवताचाही प्रश्न आहेच. उष्ण शरीर लख्ख दिसते, पण त्याच्या अलीकडची थंड फांदी पार्श्वभूमीत मिसळून जाते. गोळी फांदीला लागून वळली तर ती कुठे जाईल सांगता येत नाही. जनावरामागे मातीचा उतार आहे की रस्ता, हेही थर्मलच्या चित्रात नीट उमगत नाही. गोळीला थांबवायला मागे माती हवी, हा तेथील शिकार प्रशिक्षणातला पहिल्या धड्यातला नियम. उंच मचाणावरून खाली नेम धरण्याची पद्धत त्यातूनच आली.

ओळख चुकली तर काय होते?

जर्मन कायद्यानुसार पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांच्या पालनपोषणासाठी लागणारे पालक जनावर मारणे हा फौजदारी गुन्हा आहे. रानडुकरालाही हा नियम लागू आहे. अंगावर पट्टे असलेली पिल्ले उंच गवतात आईच्या पायाशी असतात. पंचवीस सेंटिमीटर उंचीचे पिल्लू १०० मीटरवर थर्मलच्या पडद्यावर सात पिक्सेलचे, तेही गवताने न झाकल्यास. एकटे दिसणारे मोठे जनावर खरोखर एकटे आहे का, हे ठरवायला उपकरण नव्हे, वेळ लागतो. कळपातील आई मेली तर मागे राहिलेली पिल्ले एक तर उपासमारीने मरतात किंवा कळप विस्कटतो. साथ नियंत्रणाच्या दृष्टीनेही ते घातकच.

माणसाच्या बाबतीत चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये नैर्ऋत्य फ्रान्समध्ये स्वतःच्या घराच्या परिसरात लाकडे तोडणारा एक तरुण रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीने ठार झाला. गोळी झाडणाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवले. त्या घटनेनंतर शिकारीच्या सुरक्षेवरून फ्रान्समध्ये सुरू झालेला वाद पार्लमेंटपर्यंत गेला. ‘काहीतरी हलले’ आणि ‘रानडुक्कर आहे’ या दोन वाक्यांमधले अंतर किती मोठे असू शकते, हे त्या घटनेने दाखवले. म्हणूनच अनुभवी शिकारी रायफलची दुर्बीण शोधण्यासाठी वापरत नाहीत. ती रोखणे म्हणजे भरलेली बंदूक रोखणे. शोध आणि ओळख हातातल्या वेगळ्या दुर्बिणीने किंवा हातातल्या थर्मलने करायची आणि खात्री पटल्यावरच रायफल खांद्याला लावायची. खर्चाची विभागणीही त्याप्रमाणे हवी. सगळे पैसे रायफलवरच्या काचेत ओतून हातातली दुर्बीण स्वस्तातली घेणे हा उफराटा व्यवहार आहे.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

भारतात छंद म्हणून शिकार करण्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ने बंदी आहे. त्यामुळे शिकारीसाठी दुर्बीण निवडण्याचा प्रश्न येथील सामान्य नागरिकापुढे येत नाही आणि येऊही नये. पण रानडुक्कर येथेही आहे. विदर्भात आणि कोकणात रात्रभर शेतात जागल करणाऱ्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारण्यासाठी महाराष्ट्रात वन विभागाची परवानगी लागते. केरळने २०२२ मध्ये हे अधिकार ग्रामपंचायत अध्यक्षांसारख्या स्थानिक लोकप्रतिनिधींकडे सोपवले आणि परवानाधारक बंदूकधाऱ्यांकरवी रानडुकरे मारण्याचा मार्ग खुला केला. आफ्रिकन स्वाइन फीवरही परका नाही. २०२० मध्ये आसाममध्ये त्याचा शिरकाव झाला आणि नंतर तो केरळपर्यंत गेला.

केरळचे प्रारूप महाराष्ट्रात आणावे अशी मागणी पीकनुकसानीच्या प्रत्येक हंगामात डोके वर काढते. ती मान्य झालीच तर परवानगी कोणाला, एवढा एकच मुद्दा पुरणार नाही. रात्री की दिवसा, किती अंतरावरून, कोणत्या उपकरणाने आणि ओळखीची जबाबदारी कोणाची, हे लिहून ठेवावे लागेल. जर्मनीत रात्र कधी सुरू होते हेसुद्धा कायद्यात मिनिटांत मांडलेले आहे. आपल्याकडे संधिप्रकाशाचा काळही आखूड असतो. जूनमध्ये बर्लिनला सूर्यास्तानंतर पाऊण तासाहून अधिक वेळ उजेड रेंगाळतो, मुंबईत तो सुमारे २५ मिनिटांत आटोपतो. युरोपीय शिकारी ज्या लांब कातरवेळेवर अवलंबून असतो, ती येथे मिळतच नाही. आणि शेताच्या कडेला माळ्यावर दुसरा शेतकरी जागत बसलेला असण्याची शक्यता जर्मनीतील मक्याच्या शेतापेक्षा कितीतरी अधिक.

रात्री झालेल्या गोळीबाराचा वाद महाराष्ट्राने अनुभवलाही आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टी-१, अर्थात ‘अवनी’ या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री गोळी घालून मारले गेले. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का आणि रात्रीची वेळ का निवडली, हे प्रश्न त्यानंतर बराच काळ गाजले.

बंदुकीशी काहीही संबंध नसलेल्या वाचकालाही यातले भागाकाराचे सूत्र उपयोगी आहे. ताडोबाच्या सफारीसाठी किंवा पक्षीनिरीक्षणासाठी दुर्बीण घेताना दुकानदार बहुतेक वेळा जास्त पटींची भलामण करतो. १०×२५ची खिशात मावणारी दुर्बीण घेतली तर झोत मिळतो अडीच मिलिमीटरचा. भर दुपारी चालेल, पहाटेच्या पहिल्या फेरीत निराशा करेल. ८×४२ घेतली तर सव्वापाच मिलिमीटर. वाघ पाणवठ्यावर येतो तो बहुधा दिवस फुटताना किंवा मावळताना, आणि गाडीच्या हादऱ्यांत आठ पट सांभाळणे दहापेक्षा सोपे जाते.